शिक्षकसभेचा अधिकार : वॉल्डॉर्फ शाळांतील शिक्षक-सहकार्य आणि बीड जिल्ह्यातील केंद्रस्तरीय शिक्षण परिषद

प्रस्तावना :

शिक्षकाचा व्यावसायिक विकास हा विषय भारतात बहुधा प्रशिक्षणाच्या दिवसांत मोजला जातो. किती प्रशिक्षणे झाली, किती शिक्षक उपस्थित राहिले आणि किती पुस्तिका वाटल्या गेल्या, एवढ्यावर वर्षाचा हिशेब पूर्ण होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या निरंतर व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. तासांची ही अपेक्षा योग्यच आहे; परंतु या तासांत शिक्षक कोणाचे ऐकणार, कोणाशी बोलणार आणि त्या बोलण्यातून शाळेत काय बदलण्याचा अधिकार त्याला असणार, हे प्रश्न तासांच्या मोजणीत येत नाहीत.

शिक्षकांनी एकमेकांच्या साहाय्याने शिकावे, हा विचार नवा नाही. विसाव्या शतकात त्याला सर्वांत निश्चित संस्थात्मक रूप देण्याचा एक प्रयत्न जर्मनीतील वॉल्डॉर्फ शाळेत झाला. महाराष्ट्रातही जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांसाठी केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेच्या रूपाने असाच विचार कागदावर आला. या दोहोंची सांपत्तिक, सामाजिक व वैचारिक पार्श्वभूमी पूर्णतः भिन्न आहे. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : नियमित भरणारी शिक्षकसभा हीच शिक्षकाची खरी प्रशिक्षणशाळा होय. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. सभा भरवल्याने सहकार्य निर्माण होत नाही. सभेसमोर प्रत्यक्ष विद्यार्थी आणि सभेच्या हाती काही निर्णय असेल तरच ते निर्माण होते, आणि त्या निर्णयाचे उत्तरदायित्व नसेल तर तेही बिघडते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वॉल्डॉर्फ शिक्षकसभेची घडण :

पहिल्या महायुद्धानंतरच्या अस्थिर जर्मनीत स्टुटगार्ट येथील वॉल्डॉर्फ-अस्टोरिया या सिगारेट कारखान्याचे संचालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढण्याचे ठरविले व तिची शैक्षणिक जबाबदारी रुडॉल्फ स्टायनर यांच्याकडे सोपविली. ७ सप्टेंबर १९१९ रोजी ही शाळा सुरू झाली. आरंभी २५६ विद्यार्थी व १२ शिक्षक होते. शाळा उघडण्यापूर्वी, २१ ऑगस्टपासून सुमारे दोन आठवडे, स्टायनर यांनी भावी शिक्षकांचा एकत्रित अभ्यासवर्ग घेतला. सकाळी मानवी स्वभावावरील व अध्यापनपद्धतीवरील व्याख्याने आणि दुपारी चर्चासत्रे असे त्याचे स्वरूप होते. दुपारच्या सत्रांत शिक्षकांनी स्वतः पाठ मांडावयाचे व इतरांनी त्यावर चर्चा करावयाची, अशी पद्धत होती. शाळेच्या इमारतीआधी शिक्षकांचा गट घडविला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या शाळेत मुख्याध्यापकाचे पद ठेवले गेले नाही. शाळेचे शैक्षणिक व्यवस्थापन शिक्षकांनीच सामूहिकपणे करावे अशी कल्पना होती आणि त्यासाठी दर आठवड्याची शिक्षकसभा हे मध्यवर्ती साधन ठरले. पुढे जगभरच्या वॉल्डॉर्फ शाळांत ही सभा साधारणतः तीन भागांत विभागलेली आढळते. पहिल्या भागात सामूहिक वाचन किंवा एखाद्या कलेचा सराव, दुसऱ्या भागात विद्यार्थ्यांविषयीची व अध्यापनाविषयीची चर्चा आणि तिसऱ्या भागात कारभाराचे विषय असतात. कारभार शेवटी ठेवण्यामागे एक शहाणपण आहे. कारभाराचे विषय आधी घेतले तर ते सगळी वेळ खाऊन टाकतात, हा अनुभव कोणत्याही देशातील शिक्षकास परिचित आहे.

यांतील विद्यार्थ्याविषयीची चर्चा हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. एका सभेत एकाच विद्यार्थ्याचा विचार केला जातो. वर्गशिक्षक त्या मुलाचे वर्णन करतो : तो कसा चालतो, कसा बोलतो, चित्रात कोणते रंग वापरतो, कोणत्या कामात रमतो, कोठे अडतो. हस्तकला, संगीत, भाषा शिकविणारे शिक्षक आपापली निरीक्षणे त्यात भर घालतात. पहिल्या टप्प्यात निदान करावयाचे नाही, केवळ पाहिलेले सांगावयाचे, असा संकेत असतो. त्यानंतर काय करून पाहावे हे ठरते आणि काही आठवड्यांनी त्याच मुलाकडे पुन्हा वळून पाहिले जाते. गणितात मागे पडणारा मुलगा लाकूडकामात अचूक मापे घेतो, ही माहिती वर्गशिक्षकास या सभेतच मिळते. सहकार्य हा शब्द येथे उपदेशाच्या पातळीवर राहत नाही. एका शिक्षकाच्या निरीक्षणावाचून दुसऱ्याचे काम अपुरे राहते, या वस्तुस्थितीवर तो उभा राहतो.

वॉल्डॉर्फ सभेच्या मर्यादा :

या रचनेचे कौतुक करताना तिच्यातील विसंगतीकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. पहिली विसंगती अधिकाराची आहे. शिक्षकांचे स्वयंशासन हे तत्त्व असले तरी पहिल्या शाळेतील शिक्षक स्टायनर यांनीच निवडले होते आणि कठीण प्रसंगी अखेरचा शब्द त्यांचाच असे. १९१९ ते १९२४ या काळात शिक्षकांसमवेत त्यांच्या सुमारे ७० सभा झाल्या व त्यांची टिपणे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या टिपणांत शिक्षक प्रश्न विचारतात व स्टायनर उत्तरे देतात, असेच चित्र वारंवार दिसते. समान सहकाऱ्यांची सभा आणि गुरूभोवतीची शिष्यमंडळी यांतील सीमारेषा तेथे पुसट होती. भारतीय वाचकास ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी मर्यादा ज्ञानाच्या प्रामाण्याची आहे. सात-सात वर्षांचे विकासाचे टप्पे, चार स्वभावप्रकार इत्यादी स्टायनरप्रणीत कल्पना त्यांच्या अध्यात्मविचारातून आल्या आहेत. आधुनिक मानसशास्त्रीय संशोधनाचा आधार त्यांना मिळालेला नाही. स्टायनर यांच्या काही लेखनात व व्याख्यानांत वंशभेदाचे प्रतिपादन आढळते आणि त्यावरून वॉल्डॉर्फ चळवळीला वेळोवेळी खुलासे करावे लागले आहेत. शिक्षकांनी मिळून मुलाचे निरीक्षण करणे ही कार्यपद्धती आणि त्या निरीक्षणाचा अर्थ लावण्याची विशिष्ट चौकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्वीकारताना दुसरी स्वीकारण्याचे बंधन नाही.

तिसरी मर्यादा उत्तरदायित्वाची आहे. सर्वांचा निर्णय म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही, अशी अवस्था सामूहिक व्यवस्थापनात सहज येऊ शकते. इंग्लंडमधील किंग्ज लँगली येथील स्टायनर शाळा शासकीय तपासणीत बालसुरक्षेविषयी गंभीर त्रुटी आढळल्यानंतर २०१९ मध्ये बंद झाली. या शाळांनी पुढील काळात व्यवस्थापक वा शाळाप्रमुख नेमून मूळ रचनेत फेरबदल केल्याची उदाहरणेही आहेत. निर्णयाचा अधिकार नसलेली सभा निर्जीव होते, तर उत्तर देण्याचे बंधन नसलेली सभा धोकादायक होते, असा दुहेरी धडा या इतिहासातून मिळतो.

भारतातील वॉल्डॉर्फ शाळांचा विस्तार १९९० च्या दशकापासूनचा आहे. हैदराबादची श्लोका (१९९७) आणि मुंबईची त्रिधा (२०००) या आरंभीच्या शाळा होत. खंडाळा येथे भरत आलेल्या प्रशिक्षण शिबिरांतून विविध प्रांतांतील शिक्षक एकत्र येत राहिले. मात्र या शाळा मुख्यतः महानगरांतील, शुल्क देऊ शकणाऱ्या पालकांच्या आहेत. कामगारांच्या मुलांसाठी जन्मलेली पद्धती येथे मध्यमवर्गाची निवड बनली. म्हणूनच तिच्यातील शिक्षकसभेची कल्पना कष्टकऱ्यांच्या मुलांच्या शाळेत कितपत टिकते, हा प्रश्न बीडसारख्या जिल्ह्यातच विचारला पाहिजे.

बीड जिल्ह्यातील रचना :

बीड जिल्ह्यात ११ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९ इतकी आहे. बालाघाटच्या रांगांमुळे जिल्ह्याचा मोठा भाग डोंगराळ व कोरडवाहू आहे. वाडी, वस्ती, तांडा येथील जिल्हा परिषदेची दोन शिक्षकांची शाळा हे येथील प्राथमिक शिक्षणाचे प्रातिनिधिक रूप होय. अशा शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. सहकारी म्हणावा असा एकच माणूस भिंतीपलीकडे असतो, आणि तोही त्या वेळी आपल्या दोन इयत्ता सांभाळत असतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शिक्षकी पेशाच्या एकाकीपणाचे विवेचन केले, ते भरगच्च शहरी शाळांतील बंद वर्गखोल्यांना उद्देशून होते. डोंगरातील शाळेत हे एकाकीपण अक्षरशः भौगोलिक होते.

या एकाकीपणावर उपाय म्हणून शालासमूहाची कल्पना कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडली व १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ती उचलून धरली. महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रप्रमुख हे पद निर्माण झाले आणि राज्यभर ४,८६० केंद्रे आखली गेली. परिसरातील काही शाळांचे एक केंद्र, त्या शाळांना भेटी देणारा केंद्रप्रमुख व शिक्षकांची नियमित शिक्षण परिषद अशी ही मांडणी होती. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात मराठवाड्यातील जिल्ह्यांचा, पुढे बीडचाही, समावेश झाला. त्यातून गट साधन केंद्रे व समूह साधन केंद्रे उभी राहिली. अंबाजोगाई येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था या सर्वांची शैक्षणिक पाठराखण करणारी संस्था होय. आराखडा म्हणून पाहता या रचनेत काहीही उणे नाही. किंबहुना एका शाळेपुरत्या मर्यादित वॉल्डॉर्फ सभेपेक्षा अनेक शाळांना जोडणारी ही कल्पना अधिक व्यापक आहे.

शिक्षकांच्या सहजीवनाची परंपराही या भूमीला अपरिचित नाही. निजामी राजवटीत हिप्परगा व अंबाजोगाई येथील राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांत स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी यांनी अध्यापन केले. त्या शाळांत शिक्षक हा वेतनापुरता नोकर नव्हता. शाळा कशासाठी चालवायची हे ठरविणाऱ्यांपैकी तो एक होता. पुढे याच मंडळींतून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व उभे राहिले. शिक्षकांचा गट एका हेतूने बांधला गेला म्हणजे केवढे सामर्थ्य निर्माण होते, याचे हे घरचे उदाहरण आहे. मात्र असे ध्येयप्रेरित सहजीवन आणीबाणीच्या काळाचे अपत्य असते. सामान्य काळात, सामान्य प्रकृतीच्या शिक्षकांकडून सहकार्य घडवावयाचे तर कार्यपद्धतीच लागते.

रचना आणि व्यवहार :

ही कार्यपद्धती व्यवहारात कशी झिजली, हे शिक्षण परिषदेच्या विषयपत्रिकेवरून कळते. शालेय पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, सरल प्रणालीतील दुरुस्त्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदार यादीचे काम, वरून आलेल्या उपक्रमांचे अहवाल, असे विषय एकामागून एक येऊ लागले की शिक्षण परिषदेतील शिक्षण मागे सरते. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अशैक्षणिक कामास मनाई केली. परंतु माहिती भरण्याचे काम शैक्षणिक की अशैक्षणिक, या वादात वेळ जावयाचा तो जातोच. केंद्रप्रमुखांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहिली आणि त्यांचा कार्यभार एखाद्या मुख्याध्यापकाकडे वा शिक्षकाकडे आला. स्वतःचा वर्ग सांभाळून इतर शाळांचे अहवाल गोळा करणाऱ्या माणसाकडून शैक्षणिक नेतृत्वाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

येथे दोष व्यक्तींचा नाही. परिषदेत बसलेल्या शिक्षकास बोलण्याचा अधिकार आहे, ठरविण्याचा नाही. तिसरीच्या भाषेच्या पुस्तकातील एखादा घटक आपल्या मुलांना अवघड जातो, तो पुढे-मागे करावा, असे वीस शिक्षकांनी एकमुखाने म्हटले तरी त्या म्हणण्याचे पुढे काय होते, याचे उत्तर व्यवस्थेत नाही. इतिवृत्त लिहिले जाते, ते गटाकडे जाते आणि तेथून परत काही येत नाही. कृष्ण कुमार यांनी भारतीय शिक्षकाच्या स्थितीतील विरोधाभास दाखवून दिला आहे : वर्गात तो सर्वसत्ताधीश असतो, तर व्यवस्थेत सर्वांत दुबळा. शिक्षण परिषदेत हा दुबळेपणाच गोळा होऊन बसतो. अँडी हार्ग्रीव्हज यांनी १९९० च्या दशकात प्रशासनाने लादलेल्या, वेळापत्रकात बसविलेल्या सहकार्याची चिकित्सा करून त्याला खऱ्या सहकार्यापासून वेगळे काढले. ती चिकित्सा येथे तंतोतंत लागू पडते.

त्यात बदल्यांची भर पडते. वॉल्डॉर्फ शाळेत एकच वर्गशिक्षक पहिलीपासून आठवीपर्यंत मुलांसमवेत राहतो, अशी मूळ कल्पना आहे. तिचे धोकेही आहेत, कारण न जुळलेले नाते आठ वर्षे सोसावे लागते. उलट जिल्हा परिषदेत २०१७ च्या शासन निर्णयानंतर बदल्या संगणकीय प्रणालीने होऊ लागल्या. वशिल्याला आळा बसला, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. पण शिक्षकाबरोबर त्याने मिळविलेले मुलांचे ज्ञानही गावातून निघून जाते आणि ते मागे ठेवण्याची कोणतीही सोय नाही. ज्या व्यवस्थेत माणसे बदलणार हे निश्चित आहे, तेथे सभेची स्मृती अधिक काळजीने जपावयास हवी. प्रत्यक्षात जपले जातात ते केवळ आकडे.

स्थलांतरित विद्यार्थी : सहकार्याची कसोटी :

बीड जिल्ह्यातील शिक्षक-सहकार्याची खरी परीक्षा ऊसतोडणीच्या हंगामात होते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे एक कोयता म्हणतात. त्या कोयत्यामागे जाणारी मुले शाळेच्या पटावर असतात, वर्गात नसतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील जनार्थ या संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविल्या, आणि स्थलांतरित मुलास कोठेही प्रवेश मिळावा म्हणून शासनाने शिक्षण हमी पत्रकाची योजना केली. या सर्व उपायांचे मोल आहे. तरीही ते मुख्यतः मुलाला कोठे ठेवावे या प्रश्नाची उत्तरे आहेत. मुलाचे शिक्षण एका शिक्षकाकडून दुसऱ्या शिक्षकाकडे कसे पोहोचवावे, हा प्रश्न त्यांत फारसा आलेला नाही.

समजा, पाटोदा तालुक्यातील एका वस्तीवरील तिसरीतील मुलगी नोव्हेंबरमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात गेली. तिला हातच्याची वजाबाकी नुकतीच कळू लागली होती. मोठ्याने वाचताना ती अडखळते, पण मनात वाचलेले नेमके सांगते. धाकट्या भावाला सोबत घेऊन बसू दिले तरच ती दिवसभर शाळेत टिकते. हे सर्व तिच्या बाईंना ठाऊक आहे. शिक्षण हमी पत्रकाने तिच्या प्रवेशाचा अडथळा दूर होतो. परंतु तिच्या बाईंचे हे ज्ञान त्या कागदावर मावत नाही. नव्या शाळेत ती एक मुकी, मागासलेली, ऊसतोडीवाल्यांची पोर ठरते. एप्रिलमध्ये ती परत येते तेव्हा तिकडे ती काय शिकली, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. दोन शिक्षकांनी वर्षभर एकाच मुलीला शिकविले, पण त्यांना एकमेकांचे नावही माहीत नाही. शिक्षक-सहकार्याच्या अभावाची किंमत कोण मोजतो, याचे उत्तर येथे मिळते. ती किंमत शिक्षक मोजत नाही, मुलगी मोजते.

वॉल्डॉर्फ सभेतील एका मुलाचा सामूहिक विचार ही पद्धत नेमकी या ठिकाणी उपयोगी आहे. हंगामापूर्वीच्या शिक्षण परिषदेत जाणाऱ्या मुलांपैकी काहींचे तरी वर्णन व्हावे, त्याचा अर्ध्या पानाचा गोषवारा तयार व्हावा, तो पोहोचण्याच्या ठिकाणच्या केंद्रास मिळावा आणि दोन शिक्षकांचे दूरध्वनीवर एकदा बोलणे व्हावे, यासाठी नवा निधी लागत नाही. हंगाम संपल्यावर परतलेल्या मुलांविषयी तशीच दुसरी बैठक घेता येईल. यासाठी लागतो तो सभेचा वेळ, आणि तो वेळ अन्य विषयांस नाकारण्याचा अधिकार.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुलाविषयीची चर्चा पाहता पाहता मुलावरील शिक्का बनू शकते. गावातील शिक्षकसभेत मुलाची जात, वस्ती, पालकांचा व्यवसाय व व्यसन या गोष्टी सहज बोलल्या जातात आणि निरीक्षणाची जागा पूर्वग्रह घेतो. वॉल्डॉर्फ पद्धतीतील स्वभावप्रकारांची चौकट जितकी संशयास्पद, तितकीच ही अघोषित चौकटही घातक आहे. म्हणून केवळ पाहिलेले सांगावयाचे, ऐकीव सांगावयाचे नाही, हा संकेत येथे अधिक कठोरपणे पाळावा लागेल. सभेतील बोलणे सभेबाहेर जाणार नाही, याचीही शाश्वती हवी.

जवळची उदाहरणे :

असे काही घडू शकते काय, या शंकेस महाराष्ट्रातील अनुभवच उत्तर देतो. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात शिक्षकांची परस्पर चर्चा व अनुभवांचे लेखन हा शाळेच्या कामाचाच भाग मानला गेला. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाने मॅक्सीन बर्नसन यांच्या मार्गदर्शनाखाली वाचन-लेखनाच्या अध्यापनाचा सातत्याने विचार केला. या शाळा लहान होत्या, त्यांना समर्थ नेतृत्व लाभले होते, हे खरे. पण मराठी माध्यमाच्या, सर्व थरांतील मुलांच्या शाळेत शिक्षक विचार करणारा घटक बनू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले.

बीड जिल्ह्यातील अलीकडचे उदाहरण २०२० मधील टाळेबंदीचे आहे. शाळा बंद असताना वोपा या संस्थेने बीड जिल्हा परिषदेच्या सहकार्याने व्ही-स्कूल हे विनामूल्य मराठी अध्ययन-व्यासपीठ उभे केले. त्यातील पाठांच्या रचनेत शिक्षकांचा प्रत्यक्ष सहभाग होता. एरवी परिपत्रकाची वाट पाहणारा मानला गेलेला शिक्षक येथे आशय ठरवीत होता, दुसऱ्याचा पाठ तपासत होता, आपला पाठ बदलत होता. शिक्षक तेच होते, फरक कामाच्या स्वरूपात होता. त्यांच्या हाती करण्याजोगे काही आले आणि केलेले काम मुलांपर्यंत जाणार, हे त्यांना दिसत होते. शिक्षकांना सहकार्याची सवय नाही, असे म्हणणाऱ्यांनी या अनुभवाचा विचार करावयास हवा. अर्थात ही आपत्कालातील प्रेरणा होती. ती नित्याच्या वेळापत्रकात उतरविणे हेच पुढील काम आहे.

काय घ्यावे, काय सोडावे :

वॉल्डॉर्फ शाळांकडून बीडच्या केंद्रांनी घ्यावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. सभेतील विषयांचा क्रम ही पहिली. मूल व पाठ आधी, कारभार शेवटी आणि परिपत्रके सभेबाहेर. ती वाचून दाखविण्यासाठी वीस शिक्षकांना एकत्र बोलाविण्याचे कारण उरलेले नाही. निर्णयाचे क्षेत्र ही दुसरी. केंद्रातील प्रशिक्षणाचे विषय, घटकांचा क्रम, परस्परांच्या वर्गांना भेटी देण्याचे वेळापत्रक एवढे तरी परिषदेच्या अधिकारात असावे आणि तिच्या शिफारशीस गट पातळीवरून लेखी उत्तर मिळावे. सातत्य ही तिसरी. ज्या मुलाचा विचार झाला त्याच्याकडे काही आठवड्यांनी पुन्हा वळावे आणि शिक्षक बदलून गेला तरी ती नोंद केंद्रात राहावी.

सोडावयाच्या गोष्टीही स्पष्ट आहेत. स्टायनर यांचे अध्यात्म, स्वभावप्रकारांची वर्गवारी, संस्थापकाच्या वचनांना प्रमाण मानण्याची वृत्ती आणि जबाबदारी कोणाचीच नसलेले सामूहिक व्यवस्थापन यांची येथे गरज नाही. मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख ही पदे राहावीत. त्यांनी सभेसमोर उत्तर द्यावे आणि सभेने पालक व शाळा व्यवस्थापन समितीसमोर, एवढेच पुरेसे आहे. बीडच्या शाळेला वॉल्डॉर्फ शाळा बनविण्याचा येथे प्रश्नच नाही. आपल्याच व्यवस्थेने १९९४ मध्ये दिलेले आश्वासन तिच्याकडून पूर्ण करून घेण्याचा हा प्रश्न आहे.

समारोप :

या चर्चेत महाविद्यालयीन प्राध्यापक त्रयस्थ राहू शकत नाही. जिल्ह्यातील अध्यापक विद्यालये व शिक्षणशास्त्र महाविद्यालये जो शिक्षक घडवितात, त्याला छात्रसेवाकाळात पाठ घेण्याचा सराव मिळतो. पण दुसऱ्याचा पाठ पाहून त्याविषयी बोलण्याचा, एखाद्या मुलाचे पूर्वग्रहरहित वर्णन लिहिण्याचा सराव क्वचितच मिळतो. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या नोंदी सांभाळण्याच्या कामी अंबाजोगाईची संस्था, परिसरातील महाविद्यालये आणि केंद्रे एकत्र आली तर संशोधनाचा एक खरा विषयही हाती येईल. महाविद्यालयांतील विभागीय बैठकांचे स्वरूप पाहता तेथेही मूल्यांकनाची कागदपत्रे आधी आणि विद्यार्थी शेवटी असाच क्रम पडलेला नाही काय, हेही तपासून पाहावे लागेल.

१९१९ मध्ये स्टुटगार्ट येथे १२ शिक्षक एकत्र बसले, तेव्हा त्यांच्यापुढे युद्धाने खिळखिळा झालेला समाज आणि कारखान्यातील कामगारांची मुले होती. बीडच्या केंद्रात बसलेल्या वीस शिक्षकांपुढे दुष्काळाने वाकलेला प्रदेश आणि ऊसतोड कामगारांची मुले आहेत. आस्थेची कमतरता त्यांच्यात अधिक आहे, असे मानण्यास आधार नाही. त्या बारा जणांना आपल्या सभेत ठरलेले सोमवारी वर्गात करून पाहता येत असे. या वीस जणांना ती मुभा मिळेल त्या दिवशी केंद्रस्तरीय शिक्षण परिषद हे नाव सार्थ होईल.